रोवेनाच्या शेजारची खुर्ची

बोआक,
१८ एप्रिल १९९४

ती. ताईस,
लुर्देसचा सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? मी ठीक. जूनमध्ये ह्यांना जाऊन वर्ष होईल. वर्षाची मिस्सा सांगितली आहे. त्या दिवशी दुखवटा उतरेल आणि मी काळे कपडे सोडीन. तोवर समारंभाला जायचं नाही, हे तुला सांगायला नको. म्हणूनच रोवेनाने मनिलाच्या बक्षीस समारंभासाठी बोटीचं तिकीट पाठवलं, ते मी परत केलं. वाटलं होतं, बापाचं वर्ष व्हायचंय म्हणून तीही जाणार नाही.

ती गेली. लाल झगा घालून गेली. शेजारच्या बायका आमच्याकडेच टीव्हीसमोर बसल्या होत्या. कुणीतरी पानसितच्या शेवयांचं मोठं ताट आणलं होतं. मालिकेत रोवेनाच्या आईचं काम करते ती अमांदा तिच्या शेजारी होती, माझ्या खुर्चीत. नाव पुकारताच रोवेना आधी तिच्याच गळ्यात पडली. बाईने रुमालाने तिचे डोळे पुसले, तेही कॅमेऱ्याकडे तोंड करून. मग स्टेजवर देवाचे आभार, दिग्दर्शकाचे, चाहत्यांचे, आणि लेकीसारखं सांभाळणाऱ्या अमांदाआईचे. तेवढ्यात बँड वाजू लागला. माझं नाव नाही, ह्यांचंही नाही.

बायका एकदम ताटाकडे वळल्या. बेबांग मात्र म्हणाली की त्या दोघींचं नाक अगदी सारखं आहे. ताई, ते नाक माझ्या सासूबाईंचं आहे.

रोवेनाला गोवर आला तेव्हा ही बाई होती का उशाशी? पण सगळा देश तिलाच माझ्या मुलीची आई समजतो. मी ठरवलं आहे, मिस्सेला रोवेनाला बोलवायचं नाही. तूही काही कळवू नकोस.

माझ्यावर माया आहे ती राहू दे.

तुझी,
लुर्देस

नागा,
२ मे १९९४

चि. लुर्देस हिस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे जागच्या जागी आहेत, चालत नाहीत एवढंच.

समारंभ मीही पाहिला. तुझ्या पत्रात त्या अमांदाचा रुमाल आहे, नाक आहे, खुर्ची आहे. लेकीला बक्षीस मिळालं, हे मात्र कुठे नाही. आणि खुर्ची रिकामी कुणी केली, बाई? मनिलाचे लोक टीव्हीवर रिकामी खुर्ची दिसू देत नाहीत. कुणाला तरी बसवतातच. लाल झगा मलाही खटकला. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, तो कंपनीचा होता, निवडायला मिळाला नाही. नाकाबद्दल मी बोलत नाही, तुझ्या सासूवरचा माझा राग जुना आहे.

तू जळतेस, लुर्देस. जळ हवं तर. पण लेकीला बापाच्या मिस्सेला बोलावलं नाहीस, तर ती शिक्षा तुझ्या गेलेल्या सिप्रियानोलाही होते. म्हणून मी तुझं ऐकलं नाही. तिला तारीख कळवली आहे. हवी तेवढी रागाव, पण पत्र टाकायचं थांबवू नकोस.

तुझी,
ताई

बोआक,
१५ जून १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रोवेना आली. एकटीच आली. चर्चमध्ये लोक पाद्रीबाबांकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. घरी बेबांगने तिला अमांदाआईची खुशाली विचारली, तेव्हा मी भाताचं पातेलं जरा आपटलंच.

प्रार्थना झाल्यावर आम्ही आतल्या खोलीत गेलो. काळे कपडे आपल्या हाताने उतरवायचे नसतात, म्हणून ती माझ्या पाठीची बटणं काढत होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणूनच विचारता आलं. स्टेजवर माझं नाव का घेतलं नाहीस?

ती म्हणाली, “तुझं घेतलं असतं तर पाठोपाठ बाबांचं आलं असतं, आई. मग मला उभंच राहता आलं नसतं.”

मग बाबांसाठी रडलीस तरी कुठे, असं मी विचारलं. इथे दफनाच्या दिवशीही तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती म्हणाली, अमांदाआईच्या मेकअपच्या खोलीत, पुष्कळदा.

ताई, बक्षिसाचं आणि आभारांचं मला आता काही वाटत नाही. पण हे सोसलं नाही. मी तिला म्हणाले, “ते रडणं माझं होतं.”

तिचे हात थांबले. मग माझ्या पाठीवर डोकं टेकून ती रडू लागली. वेडंवाकडं, नाक ओढत, टीव्हीवर रडते तसं मुळीच नाही. अर्धी बटणं तशीच राहिली होती. बाहेर पाहुणे जेवायला खोळंबले होते. बेबांगने दोनदा दार वाजवलं.

मी उघडलं नाही.

तू माझं ऐकलं नाहीस, ते बरं केलंस. गुडघ्यांना जप, आणि मला अशीच बोलत राहा.

तुझी,
लुर्देस