घोड्यावर तिसऱ्यांदा खोगीर

पोर्तो, ३१ जुलै

तीर्थस्वरूप मामांस,

पोर्तोहून तुमच्या तुमसचा नमस्कार. वाकून करायचा असतो हे ठाऊक आहे, पण परवापासून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्यावा. (कंबर का धरली ते पुढे येईलच, सगळं पत्र त्याचंच आहे.) तुमची तब्येत कशी आहे? तुमच्या मार्युनने लिहिलं होतं की तुम्ही हल्ली चष्मा कुठे ठेवला ते विसरता, आणि मागच्या आठवड्यात आपल्या कुत्र्याला शेजारच्या कुत्र्याच्या नावाने हाक मारलीत आणि तो निमूट आलाही. मला यात काळजीचं काही दिसत नाही. कुत्रा समजूतदार आहे, एवढंच. तिकडे सांडोय बेटावर मेंढ्यांची लोकर काढून झाली असेल. इथे ऊन असं पडतं की सणाचा लोकरी पोशाख अंगात घालणं म्हणजे स्वतःला शिजायला ठेवणं.

मामा, सगळं संपलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच आशेने वाचणार नाही. परवा संत ओलाव्हच्या सणाला मी जे केलं त्यामुळे आपल्या बेटांचं हे कार्यालय बंद होणार, आणि त्यापाठोपाठ आपल्या गावची मासे खारवण्याची शेडही. मार्युनसकट एकतीस माणसं घरी बसतील आणि रोज रस्त्यात तुम्हाला विचारतील की तुमचा भाचा परदेशात नेमकं काय करत होता.

नेमकं काय करत होतो हे मलाही कधी धड सांगता आलेलं नाही. आपल्या बेटांचं सैन्य डेन्मार्कचं, राजमुकुट डेन्मार्कचा, मासे मात्र आपले, म्हणून माशांपुरतं परराष्ट्र धोरणही आपलं. पहिल्या मजल्यावर डेन्मार्कची वकिलात, तिच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर माझी एक खोली. सासरच्याच घरात वेगळी चूल मांडलेल्या सुनेसारखं आमचं आहे: जिना एक, दाराची घंटा एक, आणि झेंडा लावायचा तर काठी खालून मागून आणायची. वकिलातीतले मोडेन्सेन स्वभावाने भले आहेत, काठी नेहमी देतात. चार वर्षं मी या खोलीतून लोकांना समजावतो आहे की आम्ही देश नाही, पण अगदी नाही असंही नाही. लोक मान डोलावतात आणि मासा कसा दिला ते विचारतात.

आता सेन्योर सार्झेदाश. चौऱ्याहत्तर वर्षांचे, खाऱ्या माशाचे इथले मोठे व्यापारी, अतिशय मितभाषी. आपल्या शेडचा सगळा मासा पाच वर्षं उचलायचा करार त्यांच्यापुढे ठेवून मला चौदा महिने झाले होते. तिकडून मंत्रीबाईंनी कळवलं होतं की सणापर्यंत सही झाली नाही तर खोलीला कुलूप. (मंत्रीबाई म्हणजे आपली रानव्हा, तुमच्या साडूची चुलत पुतणी. तिला लहानपणी तुम्ही होडीतून पाण्यात पाडलं होतं, ते ती विसरलेली नाही.) अखेर सार्झेदाशांनी होकार दिला. सणाला साडेपाचला येतो, एक पेला घेतो, सही करतो आणि सातच्या गाडीने नातीच्या साखरपुड्याला जातो, असं म्हणाले. आणि आले हो, वेळेवर आले. कोटाच्या खिशातून पेन डोकावत होतं. ते पेन मला अजून दिसतं.

रानव्हाबाई स्वतः आल्या होत्या. आपलं वाऱ्यावर सुकवलेलं मटण बटाट्यावर ठेवून फिरवलं. पाहुण्यांनी वास येताच खिडक्या उघडल्या, पण सार्झेदाशांनी दोनदा घेतलं. मग मी भाषणाला उभा राहिलो, आकडे काढले, आणि पाच मिनिटांत खोलीवर मरगळ आली. बाई माझ्या कानाशी आल्या नि म्हणाल्या, “तुमस, पुरे. माणसं पेंगायला लागलीत. पोवाड्याची दोन कडवी म्हण, फेर धरू, मग सही.”

दोन कडवी. मामा, तुम्ही तीस वर्षं गावाचा फेर चालवलात. तुम्हीच सांगा, आपल्यात कुणी कधी दोन कडवी म्हटली आहेत का? सुरू केलं की संपेपर्यंत थांबायचं नाही, हात सोडायचा नाही, आणि म्हणणाऱ्याला मध्ये अडवायचं नाही. हे बाईंनाही ठाऊक आणि मलाही. तरी मी तोंड उघडलं. तुमचाच पोवाडा घेतला, राजाने मुलीला दगडी घरात कोंडल्याचा. एकशे चौऱ्याहत्तर कडवी.

खोली एवढीशी, माणसं तीस, त्यामुळे फेराची चकली झाली आणि तिच्या पार मध्यभागी सार्झेदाश अडकले, एक हात बाईंच्या हातात, दुसरा बंदरावरच्या पोलीस अधिकाऱ्याच्या. पाय आपटायचे तसे आपटत होतो. चाळिसाव्या कडव्याला मोडेन्सेन वर आले, “अहो, माझ्या टेबलावर चुना पडतोय,” म्हणाले, आणि वाक्य संपायच्या आत कुणीतरी त्यांनाही फेरात ओढलं. बाईंना पोर्तुगीज चांगलं येतं (तरुणपणी इथल्या बोटीवर स्वयंपाकाला होत्या), त्या सार्झेदाशांना एकेक कडव्याचा अर्थ सांगत होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. घड्याळ दिसत होतं.

आणि मग एकशे एकविसाव्याला माझी जीभ घसरली. ‘घोड्यावर खोगीर घाला’ हे अठ्ठावन्नाव्यातही आहे आणि एकशे एकविसाव्यातही. मी एकशे एकविसावं धरलं आणि एकोणसाठाव्यावर उतरलो. बाईंनी डोळे मोठे केले, पण अडवता येत नाही ना. पुन्हा एकशे एकवीस आलं, पुन्हा मी एकोणसाठला. साडेसात वाजले. एकशे एकविसाव्यातलं खोगीर तिसऱ्यांदा घोड्यावर चढत होतं तेव्हा मोडेन्सेनांच्या खोलीचं छत खाली आलं. कुणी खाली नव्हतं, कारण सगळे वर फेरात होते. हात सुटले. सार्झेदाशांनी घड्याळ पाहिलं, पेन खिशात आत ढकललं आणि टोपी विसरून निघून गेले. बाई म्हणाल्या, “तुमस, सामान बांधायला घे.”

तेव्हा मी येतो आहे. आईला सांगा बढती झाली. एकतीस जणांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. दोन रात्री झोप नाही, लाज वाटते, आणि तुमच्या पोवाड्याला बट्टा लावला याची सगळ्यात जास्त.

तुमचा
तुमस

ता. क. १. जीभ घसरली हे खोटं. बाईंना तसं सांगितलं, तुम्हाला सांगवत नाही. एकशे एकविसाव्याच्या पुढचं मला येतच नाही. लहानपणी तिथपर्यंत मी तुमच्या पायाशी पेंगायला लागायचो आणि मामी मला खांद्यावर टाकून घरी न्यायची. जन्मात शेवट ऐकला नाही, आणि विचारायला लाज वाटली.

ता. क. २. पाकीट बंद करतानाच सार्झेदाश टोपी न्यायला आले. साखरपुडा बुडाला म्हणून मुलगी बोलत नाही म्हणाले. मग दारात घुटमळले आणि विचारलं, “पण ती पोरगी दगडी घरातून सुटली का? मला झोप नाही.” मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगतो. ते म्हणाले, पेन घेऊन येतो.

ता. क. ३. म्हणून मामा, एवढंच काम. मार्युन लिहिते की तुम्हाला बसून विचारलं तर काही आठवत नाही, पण पाय आपटले की येतं. तर उठा, तिचा हात धरा आणि पहिल्या कडव्यापासून सुरू करा, मधून नको. ती फोनवर टिपून घेईल. आणि एकशे एकविसाव्याशी येऊन पुढचं नाहीच सापडलं, तर तिला विचारू नका, घाबरू नका. घोड्यावर पुन्हा खोगीर घाला आणि चालत राहा. आपल्या गावात हे असंच म्हणतात, असं मी सार्झेदाशांना सांगेन.