आजोबांच्या शिग्रामाची नवी दारं

ठाकूरद्वार, मुंबई
पौष शुद्ध पंचमी, शके १८१६

तीर्थस्वरूप गं. भा. राधाआत्याच्या चरणी मालनचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. तात्यांचा खोकला उतरला. माझी मान मात्र आठ दिवस खाली आहे, आणि तिला काढा लागू पडत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? तुझं वासरू बरं आहे ना? (त्याची चौकशी उगाच करत नाही, पण ते पुढे.)

तुला ठाऊकच आहे, आमच्या शाळेत यायला सहा मुली तयार होत्या, पण त्यांच्या आया म्हणाल्या, चारचौघांतून चालत नाही पाठवणार, बंद गाडी आणा. त्यांतली शेवंता नऊ वर्षांची, आमच्याच वाडीतल्या तुळसाबाईंची. गाडी आली तर शाळा, नाही तर संक्रांतीनंतर मामाकडे, गावी. (मामाने स्थळ पाहून ठेवलं आहे.) मला आजोबांचा शिग्राम, त्यांची ती बंद घोडागाडी, आठवला. मागल्या अंगणात पंधरा वर्षं पडलेला, चाकं शाबूत, पण दारं नाहीत. एक तू अलिबागला नेलंस. दुसरं खालून कुजलेलं होतं, ते मी न्हाणीच्या चुलीत घातलं. नव्या कामात जुनं कशाला, असा माझा बाणा.

परळहून कुशाबा सुताराला बोलावलं. तो पहिल्यांदा नमुन्याला जुनं दार मागू लागला. माझ्या बापानं केलेलं हाय, म्हणाला. मी न्हाणीकडे बोट दाखवलं. त्याने धुराकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, चाकं चढवा, आत माणसं बसवा, मग मी माप घेतो." गाडी चाकं काढून विटांवर ठेवलेली, अगदी समतल, मी फूटपट्टीने मापून नकाशाही काढला होता. मी म्हटलं, कुशाबा, लाकडी चौकट माणसं बघून आकार बदलत नाही. (याच्या पुष्ट्यर्थ मी त्याला अर्धा तास भूमिती सांगितली. आत्या, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.) तो म्हणाला, "गाडी म्हंजे पेटी न्हवं, बाई. बसली की वाकते. पण तुमी शिकलेल्या." आणि नकाशाबरहुकूम दारं केली, केसाचा फरक नाही.

सोमवारी सगळी वाडी जमली. दारं लोण्यासारखी फिरत होती. एकेक मुलगी आत बसली, कमानी दबल्या, मी ऐटीत दोन्ही दारं लावली. लागली ती लागलीच. चौकट खाली बसून दारांवर अशी आवळली की उघडेनात. वजन कमी झाल्याशिवाय दार सुटेना, आणि दार सुटल्याशिवाय वजन बाहेर येईना. आत रडारड, बाहेर आयांचा आकांत. "बी.ए. बाई, आता उघडा की!" असं कोणीतरी ओरडलं. शेवटी कुशाबाने शेवंताला उचलून खिडकीतून बाहेर काढलं, पाय आधी, परकर वर. तिसरी मुलगी निघाल्यावर दार आपणहून उघडलं. कुशाबाने हत्यारं गोळा केली आणि तो निघून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

तुझी आज्ञाधारक,
मालन

ता. क. तुझ्या वासराच्या खणाला लावलेलं ते दार कृपा करून रेवसच्या मचव्यातून पाठव. बदल्यात माझं नवं दार पाठवते. वासराच्या वजनाने गोठा वाकणार नाही, तेव्हा ते तिथे नीट चालेल.

दुसरा ता. क. पत्र बंद करत होते तोच शेवंता पाटी घेऊन दारात उभी. मागे तुळसाबाई. मी विचारलं, गाडीशिवाय कशी आलीस? आईच म्हणाली, "चालत. त्या दिवशी अख्ख्या ठाकूरद्वारानं हिचं सगळं पाहिलं, आता कुणापासनं झाकू?" बाकीच्या पाचजणी अजून आलेल्या नाहीत. गाडीची गरज त्यांना राहिली की नाही, कोण जाणे. तरी दार पाठवच, आत्या. परळला कुशाबाकडे रिकाम्या हाताने कशी जाऊ?