दोन ठोक्यांनंतर

धरणगाव,
१४ सप्टेंबर २०२५

श्री. ज्ञानेश्वरभाऊजी यांस,
मोहिनीचा स. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला गल्लीभर ओरडता येत नाही, म्हणून पत्र. तीस वर्षं मोठा ढोल पोटाशी बांधून बडवला की कान जाणारच, असं तुमचे भाऊ म्हणायचे.

आपल्या नवजवान बँडला यंदा सत्तर वर्षं झाली. तेवीस नोव्हेंबरला मिरवणूक आहे, नंतर फोटोंसह स्मरणिका निघेल. रतिलालशेठचा नातू अनुज आता बँडचा अध्यक्ष आहे. इतिहास लिहायचं काम तो माझ्याकडे देऊन गेला. म्हणाला, काकू, तुम्ही शाळा पाहिली नाही पण वाचनालय संपवलं, तुम्हीच लिहा. जिनिंगच्या कामगारांनी जुनी वाद्यं जमवली, सरदार मास्तर भुसावळची रेल्वे कॉलनी सोडून शिकवायला आले आणि इथलेच झाले, पहिल्या गणवेशाचा लाल रंग घामाने उतरून सगळे गुलाबी झाले, इथवर लिहून झालं.

माझं खरं काम पुढे आहे. मिरवणूक आपल्या दारावरून जाणार. ज्या घरात वर्षाच्या आत मयत झाली, त्या घरासमोर बँड बंद करून नुसत्या काड्या ड्रमच्या कडेवर वाजवत जायचं, ही आपली रीत. यांना जाऊन सात महिने झालेत. म्हणजे ज्या माणसाने पंचेचाळीस वर्षं कॉर्नेट फुंकला, त्याच्याच दारावरून बँड मुका जाणार. मला ते नको. यांच्या दारात बँड वाजला पाहिजे.

हे नेहमी सांगायचे की सरदार मास्तर गेले त्या वर्षी बँड त्यांच्या घरासमोर असाच गप्प झाला. त्यांच्या पत्नी मदिनाभाभी दारात येऊन रागावल्या, तेव्हा सगळे मागे फिरले आणि वाजवून गेले. मी तेव्हा या घरात आले नव्हते. ढोल तुमच्या गळ्यात होता. अनुज म्हणतो, जुन्या वादकाने लेखी दिलं तर बघू. तेवढ्या चार ओळी पाठवा.

सूनबाई सारिकाला आशीर्वाद. माया आहे तशीच राहू द्या.

मोहिनी

*

धुळे,
२ ऑक्टोबर २०२५

गं. भा. मोहिनीवहिनींस,
ज्ञानेश्वरचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सारिका म्हणते, काकूंचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुम्ही पुस्तकासारखं लिहिता. मी ढोलवाला, मला धम् आणि धाम् यापलीकडे काही येत नाही. कानाचं मशीन आणलं होतं, ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात ठेवलंय.

इतिहासात एक जरूर घाला. कोणी बेसूर वाजवलं की सरदार मास्तर त्याला सगळ्यांची वाद्यं पुसायला लावायचे. सर्वांत जास्त वाद्यं आमच्या शालिग्रामदादाने पुसली. म्हणूनच पुढे सर्वांत चांगला तोच वाजवू लागला.

मदिनाभाभींचं म्हणाल तर फार वर्षं झाली. रीत मोडली की लोक दहा तोंडांनी बोलतात. बघू.

तब्येतीला जपा. या दिरावर लोभ ठेवा.

ज्ञानेश्वर

*

धरणगाव,
९ ऑक्टोबर २०२५

श्री. ज्ञानेश्वरभाऊजी यांस,
स. न. वि. वि.

आधी एक सांगते. माझ्या नावाआधी गं. भा. लिहू नका. पोस्टमनला माझं कपाळ दिसतं, त्याला वेगळं कळवायची गरज नाही. मोठी वहिनी म्हणून ‘ती.’ लिहा, नाहीतर नुसतं मोहिनी लिहा.

‘बघू’ हा शब्द अनुज दर आठवड्याला सांगतो. तो परका आहे. तुम्ही कशाला बघता? मी इतिहास विचारला तर तुम्ही वाद्यं पुसल्याचं सांगता. ते मला ठाऊक आहे. दर शनिवारी कॉर्नेट पुसायचा हा नेम यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आता मी पुसते. एकदा ओठाला लावून पाहिला, नुसती हवा गेली. शेजारच्या सबीहाने विचारलं, गॅस गळतोय का.

मी तुमच्याकडे काही अवघड मागत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते चार ओळींत लिहा. लोकांच्या दहा तोंडांचं मी पाहून घेते.

रागात लिहिलं आहे, पण आपलेपणानेच वाचा.

मोहिनी

*

धुळे,
१ नोव्हेंबर २०२५

ती. मोहिनीवहिनींस,
सा. न. वि. वि.

तीन वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला. आता लिहितोच.

बँड मागे फिरला नव्हता.

१९७९ साल. मास्तरांच्या दाराअलीकडे मीच ढोलाचे दोन ठोके दिले. दोन ठोके म्हणजे थांबा. मदिनाभाभी बाहेर आल्या. म्हणाल्या, या माणसाने तुम्हाला श्वास घ्यायला शिकवलं आणि तुम्ही त्याच्या दारावरून चोरासारखे जाता. आम्ही खाली माना घालून पुढे गेलो. मी सुरू करण्याचा एक ठोका दिला असता तर सगळ्यांनी वाद्यं ओठाला लावली असती. मला धीर झाला नाही.

दादा दोन दिवस जेवला नाही. पुढे तुम्ही लग्न होऊन आलात, आणि त्याने तुम्हाला ती गोष्ट जशी व्हायला हवी होती तशी सांगितली. मी समोर बसलेला असायचो. कधी खोडली नाही. आता तुम्हाला खरं लिहून दिलं तर तुमचं काम बिघडतं, आणि खोटं माझ्याने लिहवत नाही.

जमल्यास क्षमा करा.

ज्ञानेश्वर

*

धरणगाव,
२४ नोव्हेंबर २०२५

श्री. ज्ञानेश्वरभाऊजी यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आधी तुमचा राग आला, मग यांचा. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही मोठी गैरसोय आहे. अनुजला पत्र दाखवलं नाही. तो रीत मोडणार नाही म्हणून सांगून गेला, आणि मीही गप्प बसले.

काल तुम्ही न कळवता आलात. मिरवणूक झाल्यावर जेवायलाही थांबला नाहीत, तशीच एसटी धरलीत. तुमच्यासाठी भरीत केलं असतं.

जुना वादक म्हणून आपल्या गल्लीपुरता ढोल तुम्हाला दिला होता. दाराअलीकडे तुम्ही दोन ठोके द्यायचे, ते दिले नाहीत. अनुजने शिट्टी फुंकली. सगळे थांबले, तुमचा ढोल चालूच राहिला. काड्यावाल्यांना कळेना वाजवावं की नाही. अनुज हातवारे करत तुमच्यासमोर नाचला, तरी तुम्ही माझ्या दारात उभे राहून वाजवत होतात. शेवटी त्याने तुमचा हात धरला.

खरं सांगते, माझं समाधान झालं नाही. मला बँड हवा होता. कॉर्नेटची एक ओळ हवी होती. मिळाला नुसता ढोल, तोही अर्धा.

गल्लीतल्या बायका तुम्हाला हसतात, बठ्ठा बँड थांबी गया, पण नानाले ऐकू उनं नही. अनुजला स्मरणिकेत तसंच घालायचं आहे, की ज्येष्ठ वादकांना शिट्टी ऐकू न आल्याने थोडा गोंधळ झाला. छापायला द्यायला दहा दिवस आहेत. इतिहास मी लिहिते आहे, तेव्हा शेवटची ओळ काय लिहू ते तुम्हीच कळवा. या वेळी ‘बघू’ नको.

लोभ मागत नाही, उत्तर मागते.

मोहिनी

*

धुळे,
२८ नोव्हेंबर २०२५

ती. मोहिनीवहिनींस,
सा. न. वि. वि.

शिट्टी ऐकू आली नाही हे खरं. पण माझे कान गेलेत, डोळे नाहीत. आधी क्लॅरिनेट खाली आले ते दिसलं. मग सगळी पितळी वाद्यं खाली आली ते दिसलं. तुम्ही दारात पदराखाली कॉर्नेट धरून उभ्या होतात, तेही दिसलं.

इतिहासात दोन्ही सालं लिहा. एकोणऐंशी साली ढोलवाला थांबला, यंदा थांबला नाही. दादाने तुम्हाला सांगितलेली गोष्ट घालू नका, ती घरात राहू द्या.

अनुजला जुन्या वादकाचं लेखी हवं होतं. खाली पूर्ण नावाने सही करतो आहे, हेच लेखी समजा. आपल्या दारी उशीर झाला. पण बँडमध्ये अजून तेवीस वादकांची घरं आहेत, त्यांच्या दारी तरी बँड वाजू दे.

भरीत राहिलं आहे, ते माझं घेणं आहे.

ज्ञानेश्वर त्र्यंबक सोनवणे
मोठा ढोल, नवजवान बँड, धरणगाव