शेवटचं पान कुठलं?

४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. रागावणारच असशील, तर सगळं वाचून एकदाच रागाव.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागा अपुरी पडतेय, म्हणून परवा तिघांची समिती माझ्या खोलीत आली. जपानी आणि कोरियन अशी माझी दोन्ही कपाटं उघडून त्यांनी प्रत्येक पुस्तकातली तारखेची चिठ्ठी पाहिली. कोरियन पुस्तकांच्या चिठ्ठ्या शिक्क्यांनी भरलेल्या. जपानी पुस्तकं चारशे बारा, आणि एकाही चिठ्ठीवर एक शिक्का नाही! म्हणजे सहा वर्षांत कुणी घरी नेलंच नाही. अध्यक्षबाई गोड आवाजात म्हणाल्या की कपाट शोभेसाठी नसतं. वीस तारखेला सगळी जपानी पुस्तकं खोक्यांत भरून तळघरात जायची आहेत.

आत्या, माझ्या पायाखालची जमीनच सरकली. या दोन कपाटांसाठी मी त्यांच्या लिप्या शिकले, परक्या ग्रंथालयांना दुबार प्रती पाठवा म्हणून पत्रं लिहून लिहून बोटं झिजवली. आणि इथल्या बांधणी विभागातून निवृत्त होण्याआधी तू केलेलं शेवटचं काम ते हेच. कागदी वेष्टनाच्या पुस्तकांना तूच पुठ्ठे चढवलेस, तूच चिठ्ठ्या चिकटवल्यास. तुला कळवायचं अगदी जिवावर आलं होतं.

काउंटरवरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, शिक्का मारल्याशिवाय एक पुस्तक दाराबाहेर गेलेलं नाही. पण त्यांचंही वय झालंय. जपानी कुठलं नि कोरियन कुठलं, त्यांना काय कळणार? पुस्तक परत आलं की कार्ड वाचकाला मिळतं, दुसरी नोंद राहत नाही. गंमत म्हणजे जपानी रहस्यकथांचे पुठ्ठे पार सैल झालेत. विद्यार्थी उभ्या उभ्या चाळत असतील.

गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ असावा, ओरडताना सुद्धा.

तुझी,
वाळवी


९ जून

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

गुडघा मजेत आहे, माझं ऐकत नाही एवढंच. लहानपणी तुला पुस्तकाचा कोपरा खाताना पकडलं, तेव्हापासून मी तुला वाळवी म्हणते. पण तेव्हा तू निदान डोळे उघडे ठेवून खात होतीस.

उभ्या उभ्या चाळून माझा पुठ्ठा सैल होतो? अगं, मी दोरा दुहेरी घालते. तो सांधा सैल व्हायला पुस्तक पिशवीत कोंबावं लागतं, उशीवर पालथं टाकावं लागतं, त्यावर चहाचा कप ठेवावा लागतो. म्हणजे ही पुस्तकं घरोघर राहून आलीत. मग शिक्केही कुठंतरी पडलेच असणार, शाई काही उडून जात नाही.

काकांचं वय काढतेस, तर ते माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत, हे ध्यानात ठेव. तो माणूस खोटं बोलत नाही आणि विसरतही नाही. दोन्ही पुठ्ठे उघडून बघ. तू पुस्तकात नेहमी एकाच बाजूनं शिरतेस.

आणि रडायचंच असेल तर पुस्तकांपासून लांब बस, कागद फुगतो. लोभ वाढवायला माझ्याकडे जागा उरलेली नाही, आहे तो सांभाळ.

आत्या


१५ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सापडले! सगळेच्या सगळे शिक्के सापडले!

आता एक कबुली देते. ही जपानी पुस्तकं उजवीकडून सुरू होतात; आपण ज्याला मागचा पुठ्ठा म्हणतो, तिथं त्यांचं पहिलं पान असतं. कोरियन पुस्तकं आपल्यासारखीच उघडतात, म्हणून तिथं काही बिघडलं नाही. मी तुला चिठ्ठी शेवटी लाव म्हटलं होतं, तू सवयीनं मागच्या पुठ्ठ्याला लावलीस, म्हणजे नेमकी त्यांच्या सुरुवातीला. मला ते तेव्हाच दिसलं. पण चारशे बारा चिठ्ठ्या सुकल्यावर तुला सांगायची माझी छाती झाली नाही.

काकांना मात्र मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की यांचा शेवट उलट्या बाजूला असतो, शिक्का तिथंच मारा. त्यांनी शब्दशः ऐकलं. तिथं चिठ्ठी दिसेना, तेव्हा मी लावायला विसरले असं समजून त्यांनी आपल्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि मला वाईट वाटू नये म्हणून सहा वर्षं अवाक्षर काढलं नाही. मी बजावलेलं मीच विसरले होते. त्यांची माफी मागितली, तर म्हणाले की तुमच्यासारखं बजावणारं दुसरं कुणी भेटलं नाही, विसरणार कसं?

अध्यक्षबाईंनी पन्नास पुस्तकं दोन्हीकडून उघडली आणि हसत हात टेकले. कपाट जागेवर राहणार! कोरियनला शेजारचं जुन्या अहवालांचं कपाटही मिळालं. मी खुर्चीत बसून एवढा मोठा श्वास सोडला की काका पाणी घेऊन धावत आले.

फक्त तुझ्या कोऱ्या चिठ्ठ्या काढायला सांगितल्यात. ओल्या फडक्यानं निघतील का? आणि तू रागावली नाहीस ना? लोभ दोन्ही बाजूंनी असावा.

तुझी,
वाळवी


२१ जून

तुझी,
आत्या

लोभ असावा.

घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. हे पत्र तुझ्या जपानी पुस्तकांसारखं उलटं लिहितेय, म्हणून सही आधी.

चूक माझी. चाळीस वर्षं ज्याला शेवट म्हटलं तिथं चिठ्ठी लावली. तू गप्प बसलीस याचा राग यायला हवा होता. दोन दिवस वाट पाहिली, आला नाही. खरं सांगू? तुझं पहिलं पत्र वाचून मला जेवण गेलं नव्हतं. माझ्या हातच्या शेवटच्या पुस्तकांना कुणी हातही लावला नाही, हे मनाला फार लागलं. तुला ओरडले ती त्याचीच सारवासारव. आता ती वापरून वापरून खिळखिळी झालीत म्हटल्यावर कसं हलकं वाटतंय.

ओलं फडकं लावलंस तर याद राख. माझी खळ अशी सुटत नाही, पान घेऊन येईल. अध्यक्षबाईंना सांग, काकांच्या चिठ्ठ्या भरल्या की पुढचे शिक्के माझ्या चिठ्ठ्यांवर मारता येतील.

सैल झालेली पुस्तकं मात्र चार-चार करून माझ्याकडे पाठव. सुईत दोरा अजून एका झटक्यात ओवते. ती माझी शेवटची बांधणी, असं मी सगळ्यांना सांगत होते. आता शेवट नक्की कुठल्या बाजूला असतो, ते मलाही सांगता येत नाही.

चि. वाळवीस
अनेक उत्तम आशीर्वाद.