मस्टरवर सही, पाय मैदानावर

बाबा, तुमचा नातू जपानला निघालाय. कॉलेजात चार वर्षं तो अमेरिकन फुटबॉल खेळला आणि आता तिथल्या एका कंपनीने त्याला बोलावलंय. आठवडाभर त्यांच्या ऑफिसात नोकरी, सुट्टीच्या दिवशी कंपनीच्या संघातून लीगचे सामने. इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये सगळे त्याचं अभिनंदन करतायत. मला मात्र ऑफर लेटरच्या प्रत्येक ओळीचा संशय येतो. ही नोकरी खरी आहे, की नावापुरती खुर्ची?

हा संशय तुमच्या कारखान्यातला. मी दहा वर्षांची आहे, तुमचा डबा घेऊन स्टोअरमध्ये आलेय. मस्टरवर तुमची सही आहे, टेबल रिकामं. खोकी लावता लावता शेजारचे काका म्हणतात, "कंपनीचे जावई कबड्डी खेळायला गेले, बाळ. सही इथे, घाम तिकडे." सगळे हसतात. काय करावं कळत नाही, म्हणून मीही हसते. जेवताना तुम्हाला विचारलं, "बाबा, तुम्ही काम करत नाही?" तुम्ही ओरडला नाहीत. "मला ज्यासाठी घेतलंय तेच करतो," एवढं म्हणालात आणि ताटावरून उठलात.

परवा जपानच्या मॅनेजरांशी तुमच्या नातवाचा व्हिडिओ कॉल होता. मी मधे घुसलेच. मॅच झाली की दुसऱ्या दिवशी हा ऑफिसात नक्की काय करणार, असं विचारलं.

"आई, प्लीज! ही इज माय बॉस!"

मॅनेजर शांतपणे म्हणाले, नऊला हजर राहायचं. मागच्या मोसमात एक खेळाडू कुबड्या घेऊन आला आणि दिवसभर ग्राहकांचे फोन घेत बसला. तरी माझा विश्वास बसेना. पाहुण्यांना दाखवायला असा एखादा कुबडीवाला सगळेच ठेवत असतील. मग त्यांनीच विचारलं, तुमच्या घरात आधी कोणी कंपनीच्या संघातून खेळलंय का?

मुलगा माझ्याकडे वळला. "आजोबा प्लेड समथिंग, राइट?"

"नाही रे. ते स्टोअरमध्ये होते."

संध्याकाळी त्याने ऑफर लेटरवर सही केली. मला विचारलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. शाळेतही मी सगळ्यांना स्टोअरच सांगायचे. आणि बाबा, त्याने पुढे काही विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. तुमचा एकही सामना मी पाहायला आले नाही.