आमच्या घरी सांता येणार नाही

२९ नोव्हेंबर, शनिवार

झालं सुरू! अजून डिसेंबर उजाडला नाही आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात लाल डगल्यातला माणूस आणून बसवलाय. दाढी एका कानावर लटकतेय. आमच्या भिंगरीला जवळ बोलावून विचारतो, "वर्षभर शहाण्यासारखी वागलीस का? तरच गिफ्ट हं!" पोरगी घाबरून "हो" म्हणाली. सरळ सरळ खोटं! परवाच माझी लिपस्टिक भिंतीला फासलीय.

घरी येईपर्यंत रस्ताभर प्रश्न. तो आपल्या घरात कसा शिरतो? आपण तर आतून कडी लावतो. त्याला सगळं दिसतं? देवासारखं?

देवासारखं! इथेच माझं डोकं सटकलं.

३० नोव्हेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर जेवणाच्या टेबलावर मीटिंग घेतली. मी, हा आणि आई, म्हणजे सासूबाई. मी मुद्दे काढून ठेवले होते.

एक — मी लॅबमध्ये रोज लहान पोरांचं रक्त काढते. "अजिबात दुखणार नाही" असं कधीच सांगत नाही. "दुखेल, पण तीन आकडे मोजेपर्यंतच" असं सांगते. म्हणून दुसऱ्या खेपेला पोरं आपणहून हात पुढे करतात. मग स्वतःच्याच पोरीला का फसवू? आज सांता खरा म्हणून सांगायचं, आठव्या वर्षी तो खोटा निघणार. मग येशूचं काय? तोही मम्मीनंच सांगितलेला ना! आणि दुसरं — शहाणं वागलं तरच बक्षीस, हे कुठल्या शुभवर्तमानात लिहिलंय? देवाची कृपा फुकट असते!

छापखान्यात दिवसभर कॅलेंडरं छापून नवरा पार दमलेला. म्हणाला, "तू म्हणशील तसं. मीठ दे."

आई म्हणाल्या, "आम्ही तीन पोरं वाढवली. सांता आला नि गेला. प्रभू राहिला. कशाला राईचा पर्वत करतेस?"

तरी ठराव पास केलाच. या घरी सांता नाही. ज्यानं त्यानं भेट द्यायची ती आपापल्या नावानं. आईंनी मान हलवली — होकाराची की नकाराची, देव जाणे.

२ डिसेंबर

भिंगरीला सांगितलं. नीट, शांतपणे. फार वर्षांपूर्वी एक बिशप होता, गरिबांच्या घरी गुपचूप वस्तू ठेवून यायचा. कुणी विचारलं तरी नाव सांगायचा नाही. तो वारला. आता दुकानवाले त्याच्यासारखे कपडे घालून बसतात.

"मग आता त्याचं काम कोण करतं?"

"कुणीही करू शकतं. फक्त नाव सांगायचं नाही."

पटलं तिला! "गुपचूप बिशप, गुपचूप बिशप" करत घरभर नाचत होती. इतकं सोपं होतं! लोक उगाच घाबरतात.

४ डिसेंबर

शाळेतून फोन. डब्याच्या सुट्टीत बाकावर उभं राहून भिंगरीनं जाहीर केलं — "सांता मेला!" पाच मुलं रडली. एकाला उलटी झाली. टीचर म्हणतात, "अहो, जरा हळुवारपणे सांगायचं ना."

हळुवारच सांगितलं होतं हो!

लॅबमधल्या सीनियर मॅडम पोट धरून हसल्या. "अगं, सुई काढल्यावर आपण कापूस लावतो की नाही? तुझ्या खरेपणाला पण लाव जरा."

९ डिसेंबर

सकाळी लॅबला निघताना बुटात काहीतरी टोचलं. लाल कापडाची पुरचुंडी, वर दोऱ्याची करकचून मारलेली गाठ. आत माझं कानातलं! जूनपासून हरवलेलं. चिठ्ठी नाही, नाव नाही.

लाल कापड या घरात कुठे असतं? आईंच्या मशीनखाली, चिंध्यांच्या डब्यात. संडे स्कूलच्या नाटकातल्या तीन राजांचे झगे शिवायला घेतलेत त्यांनी.

विचारलं. "मी नाही बाई ठेवलं," म्हणाल्या आणि मशीन चालू केलं.

१३ डिसेंबर

आज ह्याच्या बुटात. नऊ महिन्यांपासून एकट्या पडलेल्या मोज्याचा जोडीदार! हा लग्नात नाचला नसेल इतका खूश. "सांता आला वाटतं!" — तेही भिंगरीसमोर! तिला हसू आवरेना.

आईंच्या चपलेतही निघाली एक. अर्धा खोडरबर. म्हणजे स्वतःलाही ठेवायचं, संशय नको! आणि भिंगरीला? एकही नाही! काय डोकं आहे! पोरीला दिलंच नाही, म्हणजे ठराव मोडलाच नाही!

१७ डिसेंबर

माझ्या बुटात साबणाचा तुकडा. आता मी अंघोळ करत नाही असं म्हणायचंय का त्यांना?

२१ डिसेंबर, रविवार

झालं भांडण. हातातच पुरचुंडी होती, आजची — आत एक बटण. आई झग्याची बाही जोडत होत्या. म्हटलं, "आई, आपलं ठरलं होतं ना? मग हे कशाला?"

"मी ठेवत नाही."

"कापड तुमचं, दोरा तुमचा, गाठ तुमची. मग कोण ठेवतं?"

"मी ठेवत नाही, एवढंच सांगते. पुढचं विचारू नकोस."

पुढचं विचारू नकोस! चोर तो चोर वर शिरजोर! माझा ताबाच सुटला. "रोज बायबल हातात घेता आणि तोंडावर खोटं बोलता?"

ह्यानं कप खाली ठेवला. "बास."

आईंनी सुईतला दोरा तोडला. मशीनवर कव्हर घातलं. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. बाही अर्धीच लोंबत राहिली. भिंगरी दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

मी चुकले नाही. आवाज चढला, तेवढं चुकलं.

२२ डिसेंबर

अबोला. आई पानात वाढतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. हा म्हणतो, "माफी माग." कशाची? ढळढळीत पुरावा आहे!

लॅबमध्ये दोन पेशंटची शीर सापडेना. मॅडमनी माझ्या हातातून सुई काढून घेतली. "घरी जा."

बुटात आज काही नव्हतं. मुद्दाम दोनदा झटकून बघितला.

२३ डिसेंबर

सकाळी भिंगरीच्या वेण्या घालत होते. मान न वळवता म्हणाली, "मम्मी, गुपचूप बिशपमुळे कुणी रडलं, तर नाव सांगितलेलं चालतं?"

"कोण रडलं?"

"आजी."

कंगवा हातातच राहिला.

"तू ठेवतेस?"

मान डोलली. अर्धी वेणी सुटली.

"आणि आजीला माहीत होतं?"

"तीच गाठ मारून देते. मला घट्ट येत नाही ना. तुझं कानातलं मला कपाटाखाली सापडलं. साबण माझा होता, वासाचा. मी आजीला म्हटलं, नाव नाही सांगायचं, मम्मीनं सांगितलंय. तिनं प्रॉमिस केलं."

प्रॉमिस केलं. आणि पाळलं. माझ्या तोंडून एवढं ऐकूनसुद्धा.

संध्याकाळी त्यांच्या दाराशी गेले. त्या बाही जोडत होत्या. मी इतकी खरं बोलणारी, आणि दोन शब्द तोंडातून निघेनात! त्यांनी वर न बघताच सुई पुढे केली. "दोरा ओव. मला दिसत नाही."

ओवला. परत आले. गाढव!

२४ डिसेंबर

लाल चिंधी मिळवली. भिंगरीचा सल्ला — "गाठ आजीकडून मारून घे." ती कशी घेणार, बाई!

२५ डिसेंबर

उजाडताना आईंच्या चपलेत पुरचुंडी ठेवली. गाठ सैलच बसली. आत चिठ्ठी. माफी काही बिननावाची मागता येत नाही. नाव घातलं.

चर्चला निघताना त्यांनी पुरचुंडी सोडली. चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून बायबलमध्ये ठेवली.

"कुणी ठेवलं गं, आजी?" भिंगरीनं विचारलं.

"मला काय माहीत," माझ्याकडे न बघता आई म्हणाल्या. "सांता असेल."

मी त्यांच्या चपला सरळ करून पुढे ठेवल्या.