चाळीस बाटल्यांची पैज

१६ मार्च
डानिलो म्हणतो, द्राक्षवेलींचा चढ विकू. माझ्याच पोटचा मुलगा! वाल्दोब्बियादेनेची कुठलीशी कंपनी म्हाताऱ्या वेली उपटून नव्या लावणार. पण चढ माझ्या नावावर, सही माझी. नाही म्हटलं. तर म्हणे, तुझी गढूळ प्रोसेक्को वाइन कोण पितं आता? सगळ्यांना टाकीत फेस आणलेली, काचेसारखी नितळ हवी. म्हटलं, फेस बाटलीतल्या गाळातूनच येतो, तुझ्या टाकीला विचार.
शेवटी पैज. जूनच्या पहिल्या रविवारी माझ्या चाळीस बाटल्यांत फेस असला, तर विकण्याचं नाव काढायचं नाही. नसला, तर मी सही करायची. सून लोरेत्ता साक्षीला.

१८ मार्च
बाटल्या भरल्या, बुचं ठोकली. एकटीने. आठवडाभर ढग, म्हणून चंद्र कॅलेंडरात बघितला — चढता. फेसाला चढताच लागतो. उतरत्यावर भरली की वाइन मेली. डानिलो हसतो. हसू दे.

२२ मार्च
सकाळी कोंबड्या सोडायला गेले. आभाळ मोकळं, आणि डोंगरावर चंद्र — अर्धा. उतरता!
आत येऊन कॅलेंडर पाहिलं. गेल्या वर्षीचं. संत अंतोनियोचं चित्र छान म्हणून मीच टांगून ठेवलेलं. कुणाला सांगणार नाही.

२३ मार्च
कॅलेंडर चुलीत घातलं. संताला आधी कापून घेतलं.

२ मे
एक बाटली गुपचूप उघडली. मुकी, फेसच नाही. लोरेत्ता मागे उभी. म्हणाली, कशी आहे, आई? म्हटलं, झोपलीय. तिने पेला विसळून ठेवला. शहाणी आहे, नवऱ्यापेक्षा.

११ मे
डानिलो म्हणतो, हार मान, गुडघ्यांना तरी आराम पडेल. म्हटलं, हे गुडघे त्या चढानेच घडवलेत. तुझ्या त्या कंपनीच्या साहेबांना पाठीवर टोपली घेऊन एकदा चढू दे, मग वेलींना हात लावा म्हणावं. दुपारी मुद्दाम वर गेले. अंधार पडेपर्यंत फुटवे खुडले. कंबर बोंबलतेय. बोंबलू दे.

१ जून
जेवायला सगळे. डानिलोने बूच काढलं. आवाज नाही. दुसरी बाटली तशीच. तिसरीही. चंद्राचं सांगितलं असतं तर सबब वाटली असती. मक्याचा पोलेंता ताटात निवत पडला.
त्याने कागद पुढे सरकवला. "सही कर, आई. शब्द तूच दिला होतास."
दिला होता. एकोणऐंशी वर्षांची आहे, दिलेला शब्द कधी फिरवला नाही. गावात ताठ चालते ती त्यावरच.
उद्या, म्हटलं.

२ जून
सही केली नाही. शब्द मोडला. गावभर सांगायला डानिलो गेलाय. मी चढावर चालले.